पुण्यात पहिलं आरसी विमान: कोणतं घ्यावं, कुठे उडवावं, कसं शिकावं?

धायरीकर

नमस्कार मंडळी. माझी मुलगी आठवीत आहे. लोहगावची सुखोई डोक्यावरून गेली की हातातलं काम टाकून गच्चीत पळते. वाढदिवसाला तिला रिमोटचं, खरोखर उडणारं विमान हवंय आणि खरं सांगायचं तर तिच्याबरोबर मलाही शिकायचंय. बजेट सगळं मिळून पंधरा हजारांच्या आसपास.

ऑनलाइन पाहिलं तर डोकं गरगरलं. दोन-अडीच हजारांची डबाबंद खेळणी आहेत, सव्वा मीटर पंखांचे 'ट्रेनर' आहेत, नुसते सुटे भाग विकणारेही आहेत. लेकीचं बोट सुखोईच्या आकाराच्या मॉडेलवर अडलंय. आम्हा दोघींनाही सोल्डरिंग येत नाही, पण शिकायची तयारी आहे. सुरुवात कुठून करावी? आणि पुण्यात हे उडवतात कुठे?

मोकळं_आकाश

ताई, आधी सुखोईचं बोलू, कारण बहुतेकांचा पहिला छंद तिथेच संपतो. लढाऊ विमानाचा आकार म्हणजे छोटे, निमुळते पंख आणि त्या मानाने जास्त वजन. हवेत टिकायला त्याला वेग लागतो. वेग जास्त म्हणजे तुमच्या हाताशी विचार करायला वेळ कमी. शिकणाऱ्याला नेमका तोच वेळ लागतो. स्पिटफायर, मस्टँग, डक्टेड फॅनवाली (नळीत पंखा बसवलेली) जेट, सगळ्यांची गोष्ट तीच. ती तिसरी-चौथी विमानं.

पहिल्या विमानात मी काय बघेन ते सांगतो.

पंख धडाच्या वर बसवलेले हवेत आणि दोन्ही टोकं थोडी वर उचललेली. या उचललेपणाला डायहेड्रल म्हणतात. विमान एका बाजूला कललं की ते त्या बाजूला घसरू लागतं. मग खालच्या पंखाला हवा जास्त कोनातून भिडते, त्याची उचल वाढते आणि विमान आपोआप सरळ व्हायला बघतं. तुम्ही रिमोटच्या काठ्या सोडून दिल्या तरी चांगला ट्रेनर काही सेकंदांत स्वतःला सावरतो. खालून सपाट, वरून फुगीर अशी पंखाची जाडी असेल तर कमी वेगातही तो तरंगत राहतो.

दुसरं, पंखांवरचा भार. वजन भागिले पंखांचं क्षेत्रफळ. सव्वा मीटरच्या जवळपास, समजा १२० सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद पंख असेल तर क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर. बॅटरीसकट वजन ९०० ग्रॅम असेल तर दर चौरस डेसिमीटरला साडेसदतीस ग्रॅम. पहिल्या विमानाला हा आकडा चाळीसच्या आत ठेवा. जाहिरातीतले फोटो बघण्यापेक्षा हा एक भागाकार करा, विमान तरंगणार की धावणार ते कळतं.

तिसरं, मोटर पंखाच्या वर-मागे असलेलं पुशर. नाक जमिनीवर आपटलं तर फोम दबतो, पण पंखा आणि मोटर वाचतात. बिक्सलर या जातीची मॉडेल जगभर पहिली विमानं म्हणून चालली ती याच कारणाने.

चौथं, साहित्य. ईपीओ किंवा ईपीपी फोम. नाक चेपलं तर ईपीओवर उकळतं पाणी सावकाश ओता, दबलेला भाग बराचसा फुगून पूर्वपदावर येतो. तुटला तर चिकटवता येतो. पहिलं विमान सुंदर असण्यापेक्षा संध्याकाळी घरच्या टेबलावर दुरुस्त होणारं असावं, हे माझं ठाम मत.

दोन-अडीच हजारांची खेळणी घेऊ नका. बहुतेकांत एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी, नसतो, दोन मोटरींचा वेग कमी-जास्त करून वळवतात. नाक वर-खाली करणं हा शिकण्याचा अर्धा भाग, तो त्यात मिळतच नाही.

सोल्डरबहाद्दर

मोकळं_आकाश यांच्याशी बाकी सगळ्यात सहमत, पण तयार विमानच कशाला? लेक आठवीत आहे, हेच बनवण्याचं वय. ५ मिमी डेप्रॉन (पॉलिस्टायरीनचा पातळ फोम) किंवा फोमबोर्डची शीट, ग्लू गन, कटर, बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्या आणि एक रिकामा रविवार. फ्लाइट टेस्ट या यूट्यूब चॅनलवाल्यांचे विमानांचे मोफत नकाशे नेटवर आहेत, छापून शीटवर ठेवून कापायचे. त्यांचा टायनी ट्रेनर किंवा सिंपल कब यासाठीच आहे. फक्त नकाशा कोणत्या शीटसाठी काढलाय ते बघा, वेगळ्या वजनाची शीट घेतलीत तर सगळं गणित हलतं.

भागांची जुळणी सव्वा मीटरच्या विमानासाठी अशी: २२१२ मापाची ब्रशलेस मोटर, १४०० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला १४०० फेरे), तिला ८ बाय ६ इंची प्रोपेलर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग), ९ ग्रॅमचे चार सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), ११.१ व्होल्टची, म्हणजे तीन सेलची, २२०० एमएएचची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. मोटरची ओढ विमानाच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त असली की शिकायला पुरे, ही जुळणी त्याहून बरीच जास्त देते. टायनी ट्रेनरला एवढी मोठी मोटर नको, तिथे नकाशासोबत दिलेलंच माप घ्या.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास वायर, सोल्डर, कनेक्टर, हीटश्रिंक सगळं मिळतं. शीट आणि कटर अप्पा बळवंत चौकात विचारा. सोल्डरिंग शिकायला एक दुपार पुरते. बॅटरीच्या एक्सटी-६० कनेक्टरवर मात्र ताकदीचा, निदान ६० वॉटचा आयर्न घ्या. पंचवीस वॉटच्या आयर्नने त्या जाड वायरवर टाका नुसता बसल्यासारखा दिसतो, आत पकडत नाही.

एक सूचना: साधं फेव्हिक्विक डेप्रॉनवर लावू नका, ते पॉलिस्टायरीन खातं. ईपीओवर चालतं.

कर्वेनगरी

तीन चॅनलचं, म्हणजे रिमोटवरून तीन गोष्टी हलवता येणारं, विमान घ्यावं की चार? मला दुकानदाराने सांगितलं की नवख्याने तीन चॅनलच घ्यावं. थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर, रडर (शेपटीची उभी, नाक डावी-उजवीकडे फिरवणारी पट्टी). एलेरॉन (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या) नको.

मोकळं_आकाश

दुकानदाराचं चूक नाही. डायहेड्रल असलेलं विमान नुसत्या रडरने छान वळतं. नाक फिरलं की बाहेरचा पंख उचलला जातो आणि विमान कलतं. एक सर्व्हो कमी, एक गोंधळ कमी. पण वारा जरा वाढला की रडरने पंख सरळ करायला वेळ लागतो, आणि पुण्यात वारा वाढतोच. म्हणून मी चार चॅनलचं, पण डायहेड्रल असलेलं घेईन.

तीन चॅनलचंच घेतलंत तर रडरचा सर्व्हो रिसीव्हरच्या (विमानातला, रिमोटचे संकेत घेणारा भाग) एलेरॉनच्या चॅनलला जोडा, म्हणजे वळणं उजव्या अंगठ्यावर येतात. पुढे एलेरॉनचं विमान घेतल्यावर सवय बदलावी लागत नाही. हे सुरुवातीलाच केलं नाही तर हाताला लागलेली सवय सुटायला फार त्रास देते.

धायरीकर

इतकं नेमकं सांगितल्याबद्दल खूप आभार. भागाकार करून पाहिला. लेकीच्या सुखोईचा आकडा सत्तरच्या वर गेला, आणि तिने स्वतःच 'ते नंतर' असं म्हटलं.

आता रेडिओचं, म्हणजे हातातल्या रिमोटचं सांगा ना. विमानासोबत येतो तो चालेल का? आणि मोड १, मोड २ हे काय आहे?

मोकळं_आकाश

रेडिओ वेगळा आणि चांगला घ्या. विमानं येतील-जातील, रेडिओ वर्षानुवर्षं राहतो. २.४ गिगाहर्ट्झचा, सहा चॅनलचा. फ्लायस्काय एफएस-आय६ आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसतो; रिसीव्हरसकट साधारण पाच हजारांच्या आसपास मिळतो, चार पेन्सिल सेलवर चालतो आणि मागे ट्रेनर पोर्ट आहे. त्या पोर्टचा उपयोग पुढे सांगतो.

मोड २ म्हणजे डावीकडे थ्रॉटल आणि रडर, उजवीकडे एलिव्हेटर आणि एलेरॉन. मोड १ मध्ये थ्रॉटल उजवीकडे आणि एलिव्हेटर डावीकडे जातो. चांगलं कुठलं यावर वाद घालू नका. मैदानावर तुम्हाला जो शिकवणार आहे त्याचा जो मोड, तो तुमचा. कठीण वेळी रेडिओ त्याच्या हातात द्यावा लागतो. आपल्याकडे मोड २ जास्त आढळतो.

आणि विमान विकत घ्यायच्या आधी, ताई, सिम्युलेटर. ट्रेनर पोर्टला यूएसबी केबल लावून हाच रेडिओ कॉम्प्युटरला जोडता येतो. पिकासिम फुकट आहे. पैसे देऊन घ्यायचं तर रिअलफ्लाइट. रोज अर्धा तास, दोन-तीन आठवडे दोघींनी करा. नुसते गोल-गोल नाही. विमान स्वतःकडे आणा, आठचा आकडा काढा, वारा वाढवून उतरवा. विमान तुमच्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं भासतं, नवख्यांची बहुतेक विमानं तिथेच जातात. स्क्रीनवर तो गोंधळ फुकटात संपवता येतो.

जुना_कॅडेट

एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग केलं होतं, तिथली शिस्त अजून अंगात आहे म्हणून लिहितोय. उडवायच्या आधीच्या तपासण्यांवर कोणी बोलत नाही.

सीजी, म्हणजे विमानाचा तोल. आयताकृती पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर. २० सेंमी रुंद पंख असेल तर ५ ते ६ सेंमी. तिथे पंखाखाली दोन बोटं टेकवून, बॅटरीसकट विमान उचला. नाक किंचित खाली झुकायला हवं. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा, आणि तोल येईपर्यंत विमान हवेत सोडू नका. शेपटीकडे जड असलेलं विमान एलिव्हेटरच्या लहानशा हालचालीने उधळतं, ते नवख्याच्या हाताने सावरत नाही. नाकाकडे थोडं जड असेल तर फक्त सुस्त वाटेल.

सर्व्होंची दिशा. विमानाच्या मागे उभे राहा. काठी उजवीकडे केली की उजवा एलेरॉन वर, डावा खाली. काठी स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर. दर वेळी तपासायचं, कालच तपासलं होतं तरी.

फेलसेफ. रेडिओचा संपर्क तुटला तर मोटर बंद व्हायला हवी. ही सेटिंग स्वतः करावी लागते. प्रोपेलर काढून मोटर फिरवा, रेडिओ बंद करा, मोटर थांबली पाहिजे. घरात कुठलंही सेटिंग करताना प्रोपेलर काढलेलाच असावा. आठ इंची प्रोपेलर बोटाला हाडापर्यंत कापतो. मुलं घरात आहेत म्हणून हे ठळकपणे सांगतोय.

आधी रेडिओ चालू, मग विमानाची बॅटरी. बंद करताना उलट.

आता लायपो, कारण यात आग लागू शकते. प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, साठवताना ३.८ च्या आसपास, आणि ३ च्या खाली कधीही नाही. बॅलन्स चार्जरच (प्रत्येक सेल सारखा भरणारा) वापरा. चार्जिंग १सी ने, म्हणजे २२०० एमएएचच्या बॅटरीला २.२ अँपिअर. चार्ज होत असताना माणूस त्याच खोलीत हवा. बॅटरी फरशीवर, पडदे आणि गादीपासून दूर. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डिकीत लायपो ठेवू नका.

उडण्याची वेळ गणिताने काढा. सरासरी १० अँपिअर खर्च धरला आणि बॅटरीतला ऐंशी टक्केच साठा वापरायचा ठरवलं तर साधारण साडेदहा मिनिटं होतात. रेडिओवर टायमर सात मिनिटांचा लावा. उरलेली तीन मिनिटं उतरायला दुसरा-तिसरा प्रयत्न करता यावा म्हणून.

सोल्डरबहाद्दर

जुना_कॅडेट, +१००. फेलसेफचा परिच्छेद छापून भिंतीवर लावावा असा आहे.

नियम_पाहा

कुठे उडवायचं हा प्रश्न अजून राहिलाय, आणि पुण्यात तो सगळ्यांत नाजूक आहे.

भारतात ड्रोन नियम २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झाले. त्यांत रिमोटचं विमानही येतं, नुसते चार पंख्यांचे ड्रोन नव्हे. २५० ग्रॅमपर्यंत 'नॅनो', त्यावर २ किलोपर्यंत 'मायक्रो'. तुमचं ९०० ग्रॅमचं विमान मायक्रो. व्यावसायिक नसलेल्या वापरासाठी मायक्रोला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेटही (त्या जातीच्या रचनेला मिळणारं प्रमाणपत्र) लागत नाही. नोंदणी ही वेगळी बाब आहे. ती सरकारी पोर्टलवर वाचून, पूर्ण करूनच मैदानावर जा.

मग नकाशा. डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर हिरवा, पिवळा, लाल असे भाग दाखवले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा भाग २०० फुटांपर्यंतच. ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा, म्हणजे परवानगीशिवाय नाही. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अजिबात नाही.

आता पुण्याकडे बघा. पूर्वेला लोहगाव, हवाई दलाचा तळ. हडपसरला डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) ग्लायडिंग सेंटर, तिथे माणसं बसलेली ग्लायडर उडतात. पश्चिमेला खडकवासल्याला एनडीए. मध्ये छावणीचा भाग, दारूगोळ्याचे कारखाने, संरक्षण संशोधनाच्या संस्था. शहर पोलिसांचे मनाई आदेशही अधूनमधून निघतात. ताई धायरीच्या आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, खडकवासला धरणाच्या काठी मोकळं रान दिसलं तरी तिथे नको.

टेकड्याही नकोत. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती इथे सकाळी माणसांची वर्दळ असते, आणि बराचसा भाग वनखात्याचा. सोसायटीच्या मैदानाचं तर नावच नको. ९०० ग्रॅमचं विमान माणसाला लागलं तर गंभीर इजा होते.

कर्वेनगरी

मग उरलं काय?

सासवडचा_वारा

उरलं ते भरपूर आहे, फक्त तासभर गाडी चालवावी लागते. सासवड-जेजुरीकडचे माळ, मुळशीच्या पलीकडची पठारं, भोर-नसरापूरकडची शेतं. आधी नकाशावर रंग बघा, मग जमिनीचा मालक शोधा आणि विचारा. आमच्या भागात लोकांना विमानाचं अप्रूप असतं. नीट विचारलं, उभ्या पिकात शिरणार नाही असं सांगितलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. रब्बीची काढणी झाली की मार्च ते मेच्या शेवटापर्यंत रानं मोकळी असतात. विजेच्या तारा, विहिरी आणि ऊस यांपासून लांब. उसात पडलेलं विमान सापडवायला पूर्ण दिवस जातो.

मुरमाड रान असेल तर चाकं काढून टाका. ढेकळांत चाक अडकून विमान कोलांटी खातं. पोटावर, गवतात किंवा मऊ नांगरटीत उतरवायचं.

वाऱ्याचं माझ्याकडून ऐका. हिवाळ्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत हवा स्तब्ध असते. शिकायला याच्याइतकी चांगली वेळ वर्षात नाही. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचे स्तंभ उठू लागतात, विमान कारण नसताना वर चढतं, पुढे गेलं की धपकन बसतं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा घाट ओलांडून येतो आणि संध्याकाळी चांगलाच झोंबतो. वळवाच्या ढगाची कडा दिसली की विमान उतरवून गाडीत ठेवायचं, मग बॅटरी कितीही भरलेली असो. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा थांबतच नाही. ते महिने बनवण्याचे.

जानेवारीत संक्रांतीच्या आसपास गावालगत मांजा असतो. आणि घारी! घार विमानाकडे येते, कधी कधी झेपही घेते. आपण लांब जायचं, तिच्याशी खेळायचं नाही. प्रोपेलरने तिला इजा होते.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथली हवा समुद्रकाठापेक्षा पाचेक टक्के विरळ, उन्हाळ्यात आणखी विरळ. त्यामुळे हातातून सोडताना आणि उतरताना थोडा जास्त वेग लागतो. हलकं विमान घ्यायचं आणखी एक कारण.

मोकळं_आकाश

आता उडवण्याकडे येतो. माझ्या मते धाग्यातला हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्या दिवशी शिकवणारा माणूस बरोबर हवा. एफएस-आय६ च्या ट्रेनर पोर्टने दोन रेडिओ केबलने जोडता येतात. शिकवणाऱ्याने स्विच दाबून धरला की विमान तुमच्या हातात, सोडला की त्याच्या. सायकल शिकवताना मागून कॅरियर धरून पळतात, तसं. या केबलने जितकी विमानं वाचली तितकी कुठल्या महागड्या भागाने वाचली नसतील. शिकवणारा कसा शोधायचा? सुट्टीच्या दिवशी सकाळी कोणी उडवताना दिसलं तर मागे उभे राहून बघा, त्याचं विमान उतरलं की बोला. या छंदातली माणसं नवख्याला वेळ देतात. इंजिनिअरिंग कॉलेजांत एरो डिझाइनच्या स्पर्धेसाठी विमानं बनवणारे विद्यार्थी असतात, त्यांनाही विचारा.

हातातून सोडणं. एकाने रेडिओ धरायचा, दुसऱ्याने विमान. वाऱ्याकडे तोंड, थ्रॉटल पाऊण, आणि विमान क्षितिजाला समांतर, सरळ, जोरात ढकलायचं. वर फेकायचं नाही. वर फेकलं की वेग तिथेच संपतो. पुशरला प्रोपेलर मागे असतो, त्यामुळे हात सोडल्यावर लगेच बाजूला.

मग उंची घ्या. पहिले काही दिवस ३० ते ५० मीटरवरच राहा. जमिनीजवळ सुरक्षित वाटतं, पण सावरायला अंतर वरच मिळतं. वर गेल्यावर थ्रॉटल निम्म्यावर आणा आणि काठ्या सोडा. विमान एका बाजूला जात असेल तर ट्रिमचं बटण एक-दोन टिचक्या उलट बाजूला. काठ्या सोडल्यावर ते सरळ जाईपर्यंत दुसरं काही करू नका.

रेडिओवर एलेरॉन आणि एलिव्हेटरला तीस टक्के एक्स्पो टाका, म्हणजे काठीच्या मध्याजवळची हालचाल मऊ होते. डाव्या-उजव्या वळणांसाठी काठी थोडीच हलवा आणि परत मध्यावर आणा. काठी धरून ठेवलीत तर डायहेड्रललाही दाद न देता विमान कलतच जातं. वळताना नाक खाली जातं, म्हणून बरोबर थोडा एलिव्हेटर ओढायचा.

विमान तुमच्याकडे येत असेल तेव्हा: जो पंख खाली झुकलाय, काठी त्याच बाजूला सरकवा, जणू त्याला खालून टेकू देताय. डावं-उजवं काही आठवायचं नाही. हे एक वाक्य लेकीकडून पाठ करून घ्या.

आता स्टॉल. विमान हवेत राहतं ते पंखावरून जाणाऱ्या हवेमुळे. वेग कमी करत नाक वर ओढत गेलात की एका कोनानंतर हवा पंखाच्या वरच्या बाजूवरून सुटते, उचल एकदम पडते आणि विमान नाक खाली टाकतं. घाबरलेला हात अशा वेळी एलिव्हेटर आणखी ओढतो, आणि विमान पुन्हा पडतं. उपाय नेमका उलटा: एलिव्हेटर सोडा, थ्रॉटल द्या, वेग येऊ द्या, मग अलगद वर घ्या. हे ५० मीटरवर, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, मुद्दाम करून बघा. आपल्या विमानाचा स्टॉल कसा असतो ते हाताला माहीत असायला हवं.

वाऱ्याच्या दिशेने जाताना विमान जमिनीच्या मानाने भराभर जाताना दिसतं. ते बघून लोक थ्रॉटल कमी करतात, हवेच्या मानाने वेग संपतो, आणि वळताना एक पंख पडतो. जमिनीकडे नाही, विमान काठीला कसं उत्तर देतंय तिकडे लक्ष द्या. आणि नेहमी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उडवा, म्हणजे काही बिघडलं तर वारा त्याला तुमच्याकडे आणतो, पलीकडच्या रानात नेत नाही.

उतरणं वाऱ्याकडे तोंड करून, लांबून, उथळ. थ्रॉटलने उंची कमी करायची, एलिव्हेटरने नाही. गुडघ्याएवढ्या उंचीवर मोटर बंद, नाक किंचित वर, आणि बसू द्या. लांब बसलं तर चालत जाऊन आणा. पायाशी उतरवायचा हट्ट करू नका.

कर्वेनगरी

हे सगळं जायरो (कलणं ओळखून विमान आपोआप सावरणारा सेन्सर) असलेल्या रिसीव्हरने सोपं होत नाही का? एरोस्काउटसारख्या विमानांत सेफ नावाची सोय आहे, काठ्या सोडल्या की ते आपोआप सरळ होतं. नवख्याने तेच का घेऊ नये?

सोल्डरबहाद्दर

घेऊ नये. जायरो उडवतो, माणूस नाही. एक दिवस तो बंद पडतो किंवा उलटा जोडला जातो आणि हाताला काहीच येत नसतं. उलट दिशेने जोडलेला जायरो विमानाला हात सोडताक्षणी जमिनीत घालतो.

मोकळं_आकाश

इथे मी थोडा मधला आहे. शिकवणारा मिळत नसेल, आणि पुण्यात अनेकांना मिळत नाही, तर जायरो विमान वाचवतो आणि विमान वाचलं तर माणूस छंदात राहतो. एरोस्काउट उत्तम ट्रेनर आहे, पण ताईंच्या बजेटच्या बाहेर आहे. शिवाय ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. रिमोटची विमानंही ड्रोन नियमांत येतात, त्यामुळे परदेशातून स्वतः मागवायच्या फंदात पडू नका. देशात उपलब्ध असलेलं घ्या किंवा भाग आणून बनवा. जायरो घेतलाच तर तो स्विचवर ठेवा, उंचीवर गेल्यावर बंद करा, आणि डायहेड्रलवाल्या विमानाला कायमचा ठेवू नका.

धायरीकर

ठरलं! रेडिओ मागवला, सिम्युलेटर सुरू केलाय. लेक माझ्यापेक्षा कितीतरी लवकर शिकतेय. विमान पुशर, सव्वा मीटर, फोमचा नुसता सांगाडा घेतोय. मोटर-सर्व्हो आम्ही दोघी बसवणार. नोंदणीचं काम सुरू केलंय. सासवडचा_वारा, तुमच्या भागात जागा दाखवाल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

सासवडचा_वारा

जरूर या ताई. थंडी पडू द्या, सकाळी लवकर निघा. आमच्याकडे नाश्ता करूनच जायचं.

धायरीकर

धागा वर काढतेय. विमान उडतंय! सासवडच्या माळावर दादांनी ट्रेनर केबलवर शिकवलं. लेक आता एकटीने चक्कर मारून उतरवते. मी अजून केबलवर, पण आठचा आकडा जमायला लागलाय. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक शंका आहे. थ्रॉटल वाढवलं की नाक वर जाईल असं वाटतं, पण आमचं विमान उलट नाक खाली घालतं. थ्रॉटल एकदम बंद केलं की नाक वर उचलतं. सीजी तपासला, बरोबर पंखाच्या २८ टक्क्यांवर आहे. काही चुकीचं जोडलंय का?

मोकळं_आकाश

अभिनंदन दोघींचं! फार आनंद झाला वाचून.

काही चुकलेलं नाही. तुमची मोटर पंखाच्या वर, खांबावर आहे, म्हणजे विमानाच्या तोलाच्या बिंदूपेक्षा वर. तिथून पुढे ढकललं की विमान नाकाकडे झुकणारच. ढकल बंद झाली की तो झुकाव जातो आणि नाक वर येतं. या जातीच्या बहुतेक विमानांत कमी-अधिक हे असतं. सध्या हातानेच करा: थ्रॉटल सावकाश वाढवा आणि सोबत एलिव्हेटर केसभर ओढा, बंद करतानाही सावकाश. उतरताना मोटर बंद केल्यावर नाक उचललं जातं तेव्हा एलिव्हेटर लगेच ओढू नका, आधी विमान स्थिर होऊ द्या.

हाताला ते जमलं की रेडिओच्या मेनूत मिक्स उघडा. मुख्य चॅनल थ्रॉटल, त्यामागून चालणारा एलिव्हेटर, सुरुवात चार-पाच टक्क्यांनी. जमिनीवर, प्रोपेलर काढून, थ्रॉटल वर नेल्यावर एलिव्हेटर किंचित वर उठतोय ना ते बघा; खाली जात असेल तर टक्क्यांचं चिन्ह बदला. मग ५० मीटरवर जाऊन तपासा आणि एकेक टक्का वाढवत न्या.